माशीची मजुरी कोणी मोजली?



कापसाचा भाव, पीकविमा, रात्रीची वीज हे विषय बैठकीत निघणारच. त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आपल्यात आहेत. मी आज एका मजुराबद्दल लिहिणार आहे. हा मजूर आपल्या सगळ्यांच्या शेतात कामाला येतो. हजेरी मांडायला सांगत नाही, उचल मागत नाही, दिवाळीला हात पसरत नाही. आपल्या जमाखर्चाच्या वहीत त्याच्या नावाची एक ओळही नाही. उलट हंगामात चार-पाच वेळा आपणच खिशातले पैसे खर्चून त्याला मारतो. हा मजूर म्हणजे मधमाशी.

काही जण इथेच पान उलटतील. कोरडवाहू शेतकऱ्याला माशीचे कौतुक कसले, हे बंगलेवाल्यांचे छंद, असे म्हणतील. फाल्गुनापर्यंत मीही हेच म्हणत होतो. तेव्हा आधी काय घडले ते सांगतो, मग हिशेब मांडतो.

मारुंजीची परसबाग

माझी शेती परभणी जिल्ह्यात. खरिपाला कपाशी आणि तूर, रब्बीला ज्वारी. विहिरीचे पाणी दिवाळीच्या पुढे फारसे टिकत नाही. थोरला मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे आणि मारुंजीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. मारुंजी म्हणजे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांना खेटून असलेले गाव. फाल्गुनात माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी धूळ, ऊन, ओझे सगळे बंद केले आणि मुलाने मला महिनाभर तिथे ठेवून घेतले.

घरमालक मूळचे शेतकरी. पूर्वी भात आणि रब्बीला ज्वारी-हरभरा करायचे. जमीन हळूहळू गेली. राहिली ती घरामागची दोन गुंठे जागा. घरमालकीणबाईंना सगळी आळी आक्का म्हणते. आक्कांनी त्या दोन गुंठ्यांत शेवगा, लिंबू, कढीपत्ता, कांद्याची चार सरी, कोथिंबीर, भोपळ्याचा आणि दोडक्याचा वेल असे सगळे लावले आहे. कांदा आणि कोथिंबीर थोडी मुद्दाम बियाला सोडतात. तिन्ही अंगांनी उंच उंच इमारती आणि मध्ये हा हिरवा तुकडा.

मला काम नव्हते. सकाळी ओट्यावर बसायचे आणि नव्या डोळ्याने बघायचे. पहिले दोन दिवस मी माणसे बघितली, मोटारी बघितल्या. तिसऱ्या दिवसापासून माशा बघू लागलो.

चाळीस वर्षे शेती केली, पण माशीकडे असे कधी बघितले नव्हते. मला वाटायचे माशी म्हणजे माशी. त्या दोन गुंठ्यांत किमान चार तऱ्हेच्या येत होत्या. पेटीत पाळतात ती मध्यम अंगाची सातेरी. आग्या मोहोळाची मोठी, लांब अंगाची माशी. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी बारीक फुलोरी. आणि शेवग्याच्या पांढऱ्या घोसावर गुरगुरत येणारा काळा भुंगा. आपल्या तुरीच्या पिवळ्या फुलावर जो दिसतो, त्याच जातकुळीतला.

त्यांच्या कामालाही शिस्त असते. कांद्याच्या डेंगळ्यावर आलेली माशी एका डेंगळ्यावरून दुसऱ्या डेंगळ्यावरच जाते. शेजारी कोथिंबीर फुललेली असली तरी त्या खेपेत तिकडे वळत नाही. एका खेपेला एकाच जातीचे फूल. म्हणून तर कांद्याचा पराग कांद्यालाच मिळतो. पोळ्यात परतलेली माशी फुलोरा कुठल्या दिशेला आणि किती लांब आहे हे नाचून बाकीच्यांना सांगते. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने हे उलगडून दाखवले आणि १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या गावात मात्र कुठे किती काम आहे हे मजुराला कळायला अजून पारावर जावे लागते.

भोपळ्याच्या वेलाजवळ मी जास्त बसत असे. भोपळ्याला नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलाच्या बुडाशी बोराएवढा भोपळा आधीच दिसतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. तेवढ्या चार-पाच तासांत नर फुलाचा पराग मादी फुलावर पोचला तर भोपळा धरतो, नाहीतर तो बोराएवढा गोळा पिवळा पडून गळतो. वारा हे काम करू शकत नाही, कारण पराग जड आणि चिकट असतो. माशी आली तर भोपळा, नाही आली तर नुसता वेल. पहिल्या आठवड्यात एक माशी उठली की दुसरी बसत होती आणि आक्कांच्या वेलाला एकामागून एक भोपळे धरत होते.

एका रात्रीत काय झाले

शेजारच्या एका इमारतीच्या वरच्या मजल्याच्या सज्जाखाली आग्या मोहोळाची तीन पोळी लटकलेली होती. कुणाच्या तरी पोराला माशी चावली. रहिवाशांची सभा झाली आणि कीड मारणाऱ्या एका ठेकेदाराला बोलावले. त्याने रात्री येऊन फवारा मारला. सकाळी आक्कांच्या अंगणात, वेलावर, माठाच्या झाकणावर माशांचा सडा. काही मेलेल्या, काही पाठीवर पडून पाय हलवत असलेल्या. आक्कांनी खराट्याने गोळा केल्या तर सूप भरले.

आग्या मोहोळ अंगावर आले तर माणूस मरतो, हे आपल्यातल्या गुराख्यांना माहीत आहे. भीती खोटी नव्हती. पण आग्या माशी एका जागी बारा महिने राहत नाही. फुलोरा संपला की मोहोळ आपणहून उठते. थोडे थांबले असते किंवा जाणकाराला बोलावले असते तर हे टळले असते.

त्यानंतर भोपळ्याच्या फुलावर माशा कमी झाल्या. सातेरी एखाददुसरी येई, बाकी सामसूम. चार-पाच दिवसांत गळलेले पिवळे गोळे वेलाखाली दिसू लागले. मग एका सकाळी बघतो तर आक्का नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, आतला दांडा मादी फुलावर घासत होत्या.

मी विचारले, "आक्का, हे काय?"

म्हणाल्या, "पाव्हणं, माशी न्हाई तर भोपळा न्हाई. आता माशीचं काम मलाच करावं लागतंय. पाच वेलांचं जमंल. एकरभर असतं तर कुणी केलं असतं?"

मला सोसायटीवाल्यांचा संताप आला होता. रात्री मुलाजवळ मी त्यांना भरपूर नावे ठेवली. शिकले-सवरलेले लोक, यांना पोळे म्हणजे काय ते कळत नाही, वगैरे. मुलगा गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "बाबा, गेल्या भादव्यात तुम्ही कपाशीवर फवारा किती वाजता मारला होता?"

फवारा मी सकाळी दहा वाजता मारला होता. कपाशी फुलांनी भरलेली होती. कृषी सेवा केंद्रवाल्याने दोन डबे आणि वर एक पुडी दिली होती, तिन्ही एकत्र कालवून मारले. दुसऱ्या दिवशी सरीत काय पडले होते ते मी वाकून बघितले नव्हते. सोसायटीवाल्यांनी तीन पोळी मारली, तीही पोराच्या भीतीने. मी तीन एकरांत किती मारली याचा हिशेब माझ्याजवळ नाही.

कपाशीला माशी लागते का?

इथे कोणीतरी उठून विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की कपाशीचा आणि माशीचा काय संबंध? कपाशीचे फूल भोपळ्यासारखे नाही. नर-मादी एकाच फुलात असतात, फूल आपले आपण फळते. बरोबर आहे. माशी नसली म्हणून कपाशी वांझ राहत नाही. पण आपले आपण फळणे आणि पुरते फळणे यात फरक आहे. कपाशीचे फूल सकाळी पिवळसर पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. काम त्या एका दिवसाचेच. त्या दिवशी पराग भरपूर आणि सगळीकडून पोचला तर बोंडात सरकी जास्त धरते. कापूस सरकीवरच उगवतो. सरकी कमी तर बोंड हलके.

पश्चिम आफ्रिकेतला बुर्किना फासो हा देश आपल्यासारखाच. पावसावरची शेती, लहान शेतकरी, कापूस आणि तीळ. तिथल्या शेतांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही फुलांवर माशा येऊ दिल्या, काहींवर येऊ दिल्या नाहीत. माशा अडवल्या तिथे कपाशीच्या उत्पन्नात सरासरी ३७ टक्के आणि तिळात ५९ टक्के तूट आली. त्यांचे वाण वेगळे, माती वेगळी, म्हणून ३७ चा आकडा जसाच्या तसा आपल्या शेतावर लावू नका. पण आपल्याकडे १० टक्के जरी निघाला तरी एकरी सहा क्विंटलमागे साठ किलो कापूस होतो. साठ किलो कापूस वेचायला किती मजुरी द्यावी लागते ते मायबहिणींना विचारा. आणि त्या साठ किलोचा भाव काय येतो तेही विचारा.

माशीच्या कामाला बाजारात किंमत नाही असे कोणी म्हणू नये. ती किंमत आपण दर मृगाला मोजतो, फक्त माहीत नसते. जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी, एच-४, १९७० साली गुजरातेत सुरतच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी काढली. तेव्हापासून आपल्या देशात संकरित सरकी हातानेच तयार होते. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर संध्याकाळी बायका-पोरी मादी वाणाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर नखाने काढून टाकतात. दुसऱ्या सकाळी नर वाणाचे फूल आणून त्यावर घासतात. एकेक कळी, एकेक फूल. आक्का भोपळ्याला करत होत्या तेच काम. त्या बोटांची मजुरी सरकीच्या पाकिटाच्या किमतीत असते. म्हणजे माणसाने केले तर ते काम, त्याचा खर्च धरायचा. माशीने केले तर निसर्गाची कृपा, त्याचा खर्च शून्य. ज्याची मजुरी शून्य लावली जाते त्याची हाल-हवाल कोणी बघत नाही, हे शेतकऱ्याइतके कोणाला कळणार? आपल्या स्वतःच्या आणि घरच्या बाईच्या राबण्याची मजुरी किती वर्षे शून्यच धरली गेली!

चीनमध्ये सिचुआन प्रांतात नासपती आणि सफरचंदाच्या काही खोऱ्यांत माणसे झाडावर चढून बांबूच्या काडीला बांधलेल्या पिसांनी फुलाफुलाला पराग लावतात. फवाऱ्यांमुळे मधपाळ तिथल्या बागांत पेट्या न्यायला राजी नसतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे बदामवाले फुलोऱ्याच्या दिवसांत एकेका पेटीला दोनशे डॉलरच्या आसपास भाडे देतात. आपल्या राज्यातही कांदा बियाण्याचे आणि डाळिंबाचे शेतकरी पेट्या भाड्याने आणू लागले आहेत. कालपर्यंत फुकट होते ते आज भाड्याने आणायची पाळी आली. कोरडवाहू कपाशीवाल्याला हे भाडे परवडणार आहे का?

ज्वारीला माशी नको, माशीला ज्वारी हवी

ज्वारीचे उलटे आहे. ज्वारीला माशीची गरज नाही. तिचा पराग वाऱ्याने आणि आपल्या आपण काम करतो. पण कणीस फुलात आले की सकाळच्या पहिल्या उन्हात त्यावर माशा दिसतात. त्या मधासाठी येत नाहीत, परागासाठी येतात. परागावर त्यांची पिल्ले पोसतात.

आपल्या बापजाद्यांच्या शेतात माशीला वर्षभर काही ना काही असे. कपाशीत तुरीचे पाटे, अंबाडी, तीळ. ज्वारीच्या कडेने जनावर शिरू नये म्हणून काटेरी करडई, आत जवसाचे तास. बांधावर बोर, बाभूळ, कडुनिंब, करंज, चिंच. त्यांनी हे माशीसाठी लावले नव्हते. तेल लागे, दोर लागे, सरपण लागे म्हणून लावले होते. पण एक फुलोरा संपता संपता दुसरा सुरू होई. आज धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत नुसती कपाशी किंवा नुसते सोयाबीन. ते का झाले हे मला माहीत आहे. करडईला भाव राहिला नाही, जवसाला गिऱ्हाईक राहिले नाही, खाद्यतेल बाहेरून स्वस्त आले. शेतकऱ्याने परवडेल ते पेरले, त्यात त्याचा दोष नाही. परिणाम मात्र असा झाला की कपाशीचा फुलोरा आला तेव्हा माशी गावात उरलेलीच नव्हती.

सरकारला मध आठवतो, माशी आठवत नाही

पुण्यात गणेशखिंडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरीच्या पेट्यांची जुनी परंपरा आहे. तिथल्या मांघर गावाला २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर केले. केंद्राने २०२० साली मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांचे अभियान जाहीर केले. हे सगळे चांगलेच आहे. ज्याला पाणी आहे, रान आहे, त्याने पेटी जरूर ठेवावी.

पण कोरडवाहू गावात पेटी वाटणे म्हणजे कडबा नसलेल्या घरी बैल बांधणे. शेतात फुले नाहीत, फुले आली की फवारा, मग पेटी महिन्यात रिकामी. आणि माशी म्हटले की साहेबांना फक्त मध दिसतो. मधाची बाटली मोजता येते, फोटो निघतो. बोंडात वाढलेल्या दोन सरक्यांचा फोटो निघत नाही.

आता औषधाबद्दल. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असतो, आत विष असते आणि आपण त्याला औषध म्हणतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात पडले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी फोडली. जे विष धडधाकट माणसाला पाडते ते माशीचे काय करत असेल?

मी विषावर बंदी घाला म्हणत नाही. बंदी घातली की तेच डबे मागच्या दाराने दुप्पट किमतीने येतात. शेतात काय वापरायचे ते ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याचाच. पण ठरवायला माहिती पाहिजे. युरोपातल्या देशांनी इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर २०१८ साली बंद केला, कारण मधमाशीला धोका. यातली पहिली दोन आपल्या कपाशीवर मावा-तुडतुड्यासाठी सर्रास मारली जातात, सरकीला चोळूनही येतात. ती झाडात भिनतात, परागात आणि मधुरसात उतरतात. हे तुमच्या दुकानदाराने तुम्हाला कधी सांगितले? मला नाही सांगितले. बीटीच्या वाणामुळे माशी मरते अशी आवईही गावोगाव ऐकू येते. तेही तपासून घ्या. बीटीचे विष अळीच्या आतड्यावर चालते, मधमाशीवर त्याचा थेट परिणाम आजवरच्या तपासण्यांत दिसलेला नाही. दोष वाणावर ढकलून पंप धुता येणार नाही.

बैठकीपुढे ठेवतो ते

पहिले, कपाशी फुलात असताना सकाळी फवारा नको. माशीचे काम सकाळी आठ-नऊपासून दुपारपर्यंत चालते. दिवस कलल्यावर, वारा पडल्यावर मारावा. फूल तोवर मिटायला लागते, आणि वारा नसला तर मारणाऱ्याच्या नाकातोंडातही कमी जाते. अडचण मला माहीत आहे. संध्याकाळी पंप घ्यायला माणूस मिळत नाही, त्याची वेळ सकाळची. पण एकट्याने बदलणे अवघड, सगळ्या गावाने वेळ ठरवली तर मजूरही त्या वेळेला येईल.

दुसरे, वारावर किंवा दुकानदाराच्या सांगण्यावर फवारा नको, मोजून मारावा. पानामागे दोन-तीन तुडतुडे, कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग, ही पातळी विद्यापीठांनीच दिलेली आहे. तिच्या खाली असताना मारलेला प्रत्येक फवारा हा फुकट गेलेला पैसा. तीन डबे एकत्र कालवणे तर बंदच करावे. विषबाधा झाली तर कशावर उपचार करायचे ते डॉक्टरलाही कळत नाही.

तिसरे, बांधावर जे उभे आहे ते राहू द्यावे. बोर, बाभूळ, कडुनिंब तोडून दोन तास जास्त निघत असतील, तर ते दोन तास किती बोंडांना महाग पडतात ते बघावे. परसात शेवगा लावावा, दोन वाफे कांदा-कोथिंबीर बियाला सोडावी. आक्कांना दोन गुंठ्यांत जमते ते आपल्या मायबहिणींना न जमण्यासारखे नाही. मोहोळ काढताना पलिता लावून जाळू नये. मधाचा कांदा कापून घ्यावा आणि पिल्लांचा भाग राहू द्यावा.

चौथे, सगळ्यांत महत्त्वाचे. आपला आकडा आपण काढायचा. विद्यापीठांकडे मागणी करूच की परभणीच्या, अकोल्याच्या कोरडवाहू कपाशीवर माशीमुळे किती फरक पडतो ते शेतकऱ्याच्या रानात मोजून सांगा. पण ते सांगेपर्यंत बसून राहायचे कारण नाही. येत्या हंगामात प्रत्येक गावातून दोघा-तिघांनी एवढे करावे. उद्या उमलणाऱ्या पन्नास कळ्या निवडाव्यात. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर गेलेल्या कोणत्याही पोरीला त्या ओळखता येतात. त्यांवर संध्याकाळी मच्छरदाणीच्या कापडाच्या लहान पिशव्या सैल बांधाव्यात आणि दोन दिवसांनी सोडाव्यात. शेजारच्याच झाडांवरच्या दुसऱ्या पन्नास कळ्यांना नुसता रंगीत दोरा बांधावा. खत, फवारा, पाणी दोन्हींना सारखे. बोंडे फुटली की किती टिकली ते मोजावे, कापूस वेगवेगळा तोलावा, सरकी मोजावी. खर्च म्हणाल तर एका फाटक्या मच्छरदाणीचा. मी माझ्या रानात हे करणार आहे. फरक निघाला तर निघाला म्हणून सांगेन, नाही निघाला तर तेही सांगेन.

दिवाळीनंतरच्या जिल्हा बैठकीला येताना आपापले आकडे कागदावर लिहून आणा. पाच-पंचवीस गावांचे आकडे एका ठिकाणी झाले तर कृषी खात्यापुढे आणि विद्यापीठापुढे ठेवता येतील, आणि फवाऱ्याच्या शिफारशीत माशीचा हिशेब का धरत नाही हे विचारता येईल.

डोळा आता बरा आहे. मी गावी परतलो त्या दिवशी आक्कांनी सोबत कांद्याचे बी दिले आणि म्हणाल्या, "पाव्हणं, लावा, पन फुलात आल्यावर पंप लांब ठेवा." बी विहिरीजवळच्या वाफ्यात टाकणार आहे. बैठकीला कोणाला पाहिजे असेल तर थोडे बरोबर आणतो.